कमरेतून वळू नका

चऱ्होली
२ फेब्रुवारी २०२५

ती. सुमनमावशीस,
योगिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. मावशी, मी बेली डान्स शिकतेय. पोट आणि कंबर हलवायचा तो अरबी नाच. चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस.

चाकणच्या कंपनीत नऊ वर्षं उभ्यानं काम करून कंबर धरली. डॉक्टर व्यायाम करा म्हणाले, म्हणून आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दिघीहून तनुजा मॅडम शिकवायला येतात, त्यांच्याकडे नाव घातलं. कमरेला छुमछुम वाजणारी टिकल्यांची ओढणी बांधायची. पहिल्या दिवशी ती वाजली आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. आम्ही अकरा जणी, सगळ्यांची पोटं सुटलेली, पण कुणी कुणाला हसत नाही.

अडचण एकच. कंबर फिरवताना खांदे हलू द्यायचे नाहीत, ते जमत नाही. कंपनीत पहिल्या दिवसापासून बजावलंय, ओझं घेऊन कमरेतून वळू नका, पाय वळवा. आता मी कपाटासारखी अख्खीच वळते. आठ मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम आहे. तोवर जमलं नाही तर मॅडम मला स्टेजवर घेणार नाहीत. त्यातून सासूबाईंना मी नुसता पोटाचा व्यायाम म्हणून सांगितलंय. ओढणी बाथरूमच्या दारामागे वाळवते. त्यांना कळलं तर क्लास बंदच होईल, ही धास्ती आहे.

लोभ आहेच, या पत्रानं कमी करू नकोस.

तुझी,
योगिनी


भूम
११ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसूनच. माझ्या लग्नाच्या वरातीत तुला नाचायला ढकलावं लागलं होतं आणि तू रडत आईच्या मागे लपली होतीस. आता बघा बाईसाहेबांना. मला फार बरं वाटलं गं.

खांद्यांवर औषध माझ्याकडे आहे. आम्ही टँकरपासून घरापर्यंत डोक्यावर हंडा आणायचो. वरचं अंग हललं की पाणी अंगावर, म्हणून सगळं चालणं कमरेत. तू पाण्याचा तांब्या डोक्यावर घेऊन सराव कर. फडकं जवळ ठेव, सांडणार आहेच.

तुझ्या सासूबाईंना, सोजरबाईंना, मात्र सांगून टाक. शेजारणीकडून कळलं तर त्यांना जास्त लागेल. रागावल्या तर खुशाल माझं नाव पुढे कर.

कंबर सांभाळ आणि मावशीवर माया ठेव.

तुझी,
सुमनमावशी


चऱ्होली
१० मार्च २०२५

ती. सुमनमावशीस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं औषध पहिल्याच दिवशी अंगाशी आलं. तांब्या तीनदा पडला. तिसऱ्यांदा आवाज ऐकून सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मी ओलीचिंब, कमरेला ओढणी. मग सगळं खरं सांगितलं, नाच, स्टेज, सगळं. त्या तशाच वळून आपल्या खोलीत गेल्या. संपला क्लास, असं समजून मी फरशी पुसायला बसले.

त्या परत आल्या त्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून. त्याची गोल चुंबळ वळून त्यांनी माझ्या डोक्यावर बसवली. चुंबळीबिगर कुणी भांडं डोईवर घेतं व्हय, म्हणून वर मलाच रागावल्या. अर्धा तांब्या हिंदकळणारच, म्हणून काठोकाठ भरून ठेवला. लग्न होऊन आल्यावर त्या इंद्रायणीवरून दोन-दोन हंडे आणायच्या म्हणे. मला चौदा वर्षांत हे माहीतच नव्हतं.

मग रोज मी कंपनीच्या बसमधून उतरले की त्या खुर्ची टाकून माझ्या खांद्यांवर नजर लावून बसायच्या. मॅडम परवडल्या.

परवा स्टेजवर मी चुंबळ आणि तांब्या घेऊनच नाचले. थोडं पाणी सांडलं, पण खांदे हलले नाहीत. टाळ्या वाजत होत्या, मावशी, आणि मला रडू आवरेना. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. घरी येईपर्यंत एवढंच म्हणाल्या की डावा खांदा एकदा हलला.

आज सकाळी कामावर निघाले तर त्यांनी ओढणी हातानं धुऊन बाहेरच्या गॅलरीत, अख्ख्या सोसायटीला दिसेल अशा दोरीवर वाळत घातली होती. शेजारी चुंबळीचा पट्टा होता. मी आत घेऊ का विचारलं, तर म्हणाल्या की राहू दे, तिथं ऊन चांगलं लागतं.

तुझ्या तांब्याचे उपकार आहेत. अशीच पाठीशी राहा.

तुझी,
योगिनी