डाव्या खांद्यावरची पाकळी

३ एप्रिल
पोचलो एकदाचा खैरवण्याला! लांज्याहून रत्नागिरी, तिथून दुसरी एसटी, मग रिक्षा मिळेना म्हणून शेवटचे दीड मैल सड्यावरून, उघड्या कातळपठारावरून, पायपीट, डोक्यावर बॅग आणि हातात सासूबाईंनी दिलेली काजूगराची पिशवी. कातळ एवढा तापला होता की चपलेतून चटके. पण वरून समुद्राची एक निळी रेघ दिसते आणि खाली काळीभोर राई. बघून जीव निवला.

ही वही नेत्राने दिली. म्हणाली, तू दिवसभर बडबडतोस ती आता कोण ऐकणार, त्यापेक्षा लिही. बाळ मोठं झालं की वाचून दाखवू, बघ तुझा बाप तुझ्या जन्माआधी काय काय करत होता. पहिलंच बाळंतपण, म्हणून ती लांज्याला माहेरी. तारीख चौदा मे. तर बाळा, तुझा बाप विनीत आजपासून खाण कंपनीचा गावसंपर्क अधिकारी. पद मोठं, काम एकच : गावाशी गोड बोलायचं.

मालनकाकींच्या पडवीलगतची खोली मिळाली आहे. काकी एकट्या, मुलगा मुंबईला. सोबतीला तांबू गाय. तीही गाभण, तीही मेमध्येच विणार. काकींनी लगेच थट्टा केली, की बघू तुझी आधी की माझी आधी.

७ एप्रिल
आज आप्पा गुरवांनी देवराई दाखवली. ऐंशीच्या पुढचे, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण चाल अशी की मलाच धाप लागली. आत शिरलं की उन्हाळा संपतो. जमिनीवर पानांचा गुडघाभर थर, मध्ये झरा, झऱ्यापाशी देवाची छोटी घुमटी आणि आत काळी पाषाणाची मूर्ती. राईत कुऱ्हाड चालत नाही हे ठाऊक होतं. पण इथे पडलेली काटकीही कोणी चुलीला नेत नाही. आप्पा म्हणाले, झाडावरचं पाखरांचं आणि पडलं ते देवाचं. त्यावरच तो जगतो.

राईला वनखात्याचं संरक्षण आहे, तिला कोणी हात लावणार नाही. आमचं बॉक्साइट आहे वरच्या सड्यात. राईपासून शंभर मीटर सोडून खणायचं, असा आराखडा. मला तो पटलेला आहे, उगाच पगारापुरता नाही. राईही राहील आणि मुंबईला गेलेली पोरं घरी येतील. आप्पांना हे समजावलं. ते म्हणाले, सडा म्हणजे देवाची पाण्याची टाकी. पावसाळ्यात कातळ पाणी पितो आणि तेच आठ महिने झऱ्याला येतं. टाकी फोडून नळ ठेवलास, तर नळाला काय येणार रे? मी म्हटलं, त्याचाही अभ्यास होईल. ते हसले. माणूस मला फार आवडला.

१५ एप्रिल
आज गावकी बसली. अर्धा गाव हो, अर्धा नाही, आणि आवाज सगळ्यांचाच. शेवटी ठरलं, देवाला कौल लावायचा. देव देईल तो निकाल, मग कोणी ब्र काढायचा नाही.

साहेबांना फोन केला. आधी ते हसले, मग म्हणाले, कौल मिळायलाच हवा, नाहीतर तुला ठेवलाय कशाला? मिळाला तर नोकरी कायम आणि नेत्राचं बाळंतपण कंपनीच्या यादीतल्या मोठ्या हॉस्पिटलात. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गोठ्यात तांबूच्या मानेला खाजवत बसलो होतो.

१९ एप्रिल
लिहू की नको? वही बाळासाठी आहे. पण लिहिलं नाही तर पोटात राहील.

आज कौल होता. देवाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली पाकळी लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सकाळी आप्पांनी मला घुमटी झाडायला सांगितलं. त्यांची कंबर धरली होती आणि माझ्यावर विश्वास होता. मी आत गेलो. खिशात फणसाचा चीक होता, पानात गुंडाळलेला. लहानपणी आम्ही त्याने खारीसुद्धा पकडल्या आहेत. डाव्या खांद्यावर बोटभर लावला. एवढंच.

आप्पांनी चाचपडत पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं झालं, गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला. घटकाभराने उजवी पडली. आप्पांनी तीनदा डोळे पुसून पाहिलं आणि मग स्वतःच्या तोंडाने सांगितलं, देवाने हुकूम दिला.

मी देवाला फसवलं नाही, पाकळीला फसवलं. शंभर मीटर सोडलेत ना? मग झालं तर.

२४ एप्रिल
साहेब खूश. ड्रिलचं मशीन आलं, गावातले आठजण कामाला लागले. नेत्राला नोकरीचं सांगितलं, ती फोनवर रडली आनंदाने. बोटाचा चीक मात्र निघत नाही. खोबरेल झालं, रॉकेल झालं. काकी म्हणाल्या, असा कसा रे फणस तुझा.

२ मे
गंमतच आहे. चार दिवस एवढा वारा सुटलाय आणि राईतल्या रायवळाचा एक आंबा खाली पडला नाही. पिकून पिवळे झाले, आता काळे पडायला लागलेत, पण देठ सोडत नाहीत. मी काठीने हाणले, दगड मारले. जांभळांचं तेच. झाडाखाली पानसुद्धा नवं नाही.

बायका म्हणतात यंदा देठ बळकट. मीही हसलो. पण चोराच्या मनात चांदणं! परत येताना बोट खिशात लपवून चाललो होतो.

९ मे
आज पडवीच्या पायरीवर धामण होती. कात टाकत होती. डोक्यापासून निम्म्यापर्यंत सुटलेली, पुढे सुटेना. दगडावर घासून घासून अंग सोललं होतं, तरी कात तिला सोडत नव्हती. दुपारपर्यंत धडपडली. मग मेली.

सड्यावर मशीनही अडलंय. खडकाचा नमुना नळीत बसतो तो बाहेर येत नाही. तीन नळ्या वाया. ऑपरेटर म्हणाला, वीस वर्षांत असं पाहिलं नाही.

१४ मे
आजची तारीख. नेत्राच्या कळा नाहीत. पहिलटकरीण आहे, चार दिवस मागेपुढे होतातच, असं सासूबाई म्हणाल्या. नेत्रा म्हणाली, तुझ्यावर गेलंय, वेळेवर कुठे पोचायचं म्हणून नाही.

मी हसलो. फोन ठेवून घुमटीकडे धावलो.

डावी पाकळी तशीच आहे. पंचवीस दिवस झाले. पांढरी, ओली. आत्ता झाडावरून खुडल्यासारखी.

१९ मे
तांबूचे दिवस भरून गेले. उभी राहते, जोर करते, थकून बसते. काकी तिच्याशी रात्रंदिवस बोलतात. मला म्हणाल्या, तू कंपनीतला ना, चांगला डॉक्टर आण रे.

पाकळी नखाने काढायला गेलो. निघत नाही. चाकूने खरवडली. पात्याचा तुकडा उडाला.

आप्पांना सांगावं का? सांगितलं तर गावाचा होकार गेला, नोकरी गेली, हॉस्पिटल गेलं. आणि नेत्राला आत्ताच तर हॉस्पिटल हवंय. कसा अडकलोय बघा. कौल फिरवला म्हणून हॉस्पिटल, आणि कौल फिरवला म्हणूनच—

नाही. हे माझ्या डोक्याचे खेळ आहेत.

२३ मे
रत्नागिरीला जाऊन आलो. नेत्राला ॲडमिट केलंय. कळा येण्याचं औषध दोनदा दिलं, काही नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वाट पाहू, नाहीतर सिझर करू.

नेत्राचे पाय सुजलेत. मी चेपत होतो. तिने विचारलं, विनू, तू असा का दिसतोस, काही केलंयस का? तिला नेहमी कळतं. मी म्हटलं, उन्हाचा त्रास. तिने माझं डोकं पोटावर ओढून घेतलं. बाळ आतून लाथ मारत होतं. त्याला यायचंय.

माझं बोट तिच्या गाऊनला चिकटलं. सोडवताना कापड फाटलं.

२६ मे
तांबू गेली.

गुरांचा डॉक्टर आला होता. पोट फाडून वासरू काढायला गेला. म्हणाला, आतून सुटतच नाही, जणू एकच मांस आहे. दोघं गेली. काकींनी तिचं डोकं मांडीवर घेतलंय, सकाळपासून. काकींच्या डोळ्यांच्या कडेला पाणी साठलंय, ते गालावर येत नाही.

नेत्राचं सिझर परवा सकाळी ठरलंय.

सिझर नको. सिझर नको. सांगू कोणाला? काय सांगू?

२७ मे
आप्पांना सांगितलं. सगळं.

मारतील वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, म्हणजे माझ्या तोंडून खोटं वदवलंस? मग म्हणाले, मला वाटलं म्हातारपणी देवाचं मन मला कळेनासं झालं. महिनाभर झोपलो नाही. मी त्यांचे पाय धरले. म्हणाले, माझे कशाला धरतोस, उद्या गावासमोर कबूल कर. पाकळी माणसाने काढायची नसते. त्याची त्याला सोडू दे.

मी विचारलं, आणि नेत्रा? त्यांनी घुमटीच्या दिशेने हात जोडले.

२८ मे, सकाळी नऊ
कबूल केलं. घुमटीपुढे, सगळ्या गावासमोर. कोणी शिवी दिली नाही. मालनकाकींनी फक्त पदर तोंडाला लावला. त्यांची तांबू मी मारली.

आप्पांनी गाऱ्हाणं घातलं, की या लेकराने डाव केला, त्याचा डाव त्याच्या पदरात घाल, पण पोटातल्या जिवाला मोकळं कर.

साडेआठला पाकळी पडली. डावी. सगळ्यांनी पाहिली. देवाने नाही म्हटलं. पहिल्या दिवसापासून तो नाहीच म्हणत होता.

काकींचे डोळे गळायला लागले. माझेही. महिन्याभराचं. मग राईत आंबे पडायला लागले, धप धप, सगळीकडून. पोरं नाचली.

सव्वानऊ
सासूबाईंचा फोन! ऑपरेशनला न्यायच्या आत कळा सुरू! जोरात आहेत! निघतो. मालनकाकींनी स्वतः रिक्षा बोलावली. मला म्हणाल्या, जा, पोर बघ.

साडेदहा
रिक्षा यायलाच तास गेला, आणि आता अडलीय. राईच्या कडेचा ऐनाचा जुना वृक्ष रस्त्यावर पडलाय, मुळासकट. वारा नाही काही नाही. पलीकडे अजून दोन पडले. माणसं कुऱ्हाडी आणायला गेलीत.

मुलगी झाली! मुलगी! सासूबाईंनी फोनवर रडणं ऐकवलं. कसली खणखणीत रडते! बाळा, तुझा बाप रस्त्यात उभा राहून रडतोय आणि रिक्षावाला पाठ थोपटतोय.

अकराला दहा
पडायचं थांबत नाहीये.

आता हिरवी पानं पडतायत. कोवळी. कैऱ्या, कळ्या, घरटी. घरट्यांतली अंडी. रस्ता हिरवा झालाय आणि त्यात पिवळं बलक. सड्यावरून धडाड आवाज आला, ड्रिल केली ती कड खाली आली म्हणतात. झऱ्यावर.

मी सोडव म्हटलं. आप्पांनी मोकळं कर म्हटलं. कुठे थांब, ते आम्ही कोणी बोललोच नाही.

अकरा
सासूबाई म्हणतात, नेत्राचं रक्त थांबत नाही. वार पडली, त्यानंतर थांबतच नाही. डॉक्टर पिशवीमागून पिशवी लावतायत. ओ निगेटिव्ह संपलं. तुमचं तेच ना, कुठे पोचलात?

झाडावरून पलीकडे जातोय. चढलो की फांदी तुटते. पुन्हा चढतो. पुन्हा.

माझं घे. देवा, तिचं नको. डाव माझा होता. माझं घे—

अकरा वीस
कुऱ्हाडीवाले आले. पाती दांड्यातून निसटून पडतायत.

नेत्रा शुद्धीत होती, सासूबाई म्हणाल्या. मुलगी छातीवर ठेवली होती. विचारत होती, विनू पोचला का. सांगितलं, येतोय. म्हणाली, मग मी जागी

अकरा पंचवीस
फोन वाजतोय. सासूबाईंचा.

वाजतोय.

उचलत नाही. जोवर उचलत नाही तोवर नेत्रा