हलक्या पिशव्यांचं प्रकरण

स्लेट फोर्क, केंटकी
रविवार, चर्चनंतर

ती. ओपलअक्कास,

धाकट्या आर्लीचा वाकून नमस्कार. (कंबर वाकते तेवढाच. उरलेला भेटीत.) तुझे गुडघे आता काय म्हणतात? डेटनला थंडी सुरू झाली असेल, तर दाजींना सांग की छपरावर चढायचं वय गेलं. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय लॉटी मजेत, कुत्रा मजेत. माझ्या साखरेचं तू दर फोनवर विचारतेस आणि मी दर वेळी पावसापाण्याकडे वळतो, हे तू ओळखलंच असशील. या पत्रात त्याचंही उत्तर आहे, पण जरा पुढे. मधे बराच गोंधळ झालाय, तो आधी ऐक.

आपल्या मेथडिस्ट चर्चच्या तळघरात गुरुवारी शिधा वाटतात, हे तुला ठाऊक आहेच. खाण बंद पडल्यापासून निम्मं गाव तिथे रांगेत असतं आणि उरलेलं निम्मं वाटायला. (मी दोन्हीकडे असतो.) वसंतात तिथे मिस हॅडली आली. वय पोरसवदा, शिक्षण आहारशास्त्राचं, गाडी पार खटारा. तिने आल्या आल्या फळ्यांवरच्या जिनसांना ठिपके चिकटवले. हिरवा म्हणजे खुशाल खा, पिवळा म्हणजे बेताने, लाल म्हणजे सणासुदीला. माझ्या आवडीच्या झाडून सगळ्या डब्यांना गोवर आल्यासारखे लाल ठिपके! मी तिला म्हटलं, "बाई, एक ठिपका मलाच लाव ना." तर ती माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "आर्लीकाका, तुम्हाला पिवळा."

पण पोरगी गुणाची. तिने कुठे कुठे खेटे घालून दर आठवड्याला ताज्या मालाचा ट्रक सुरू करवला. कोबी, बटाटे, सफरचंदं, अंडी. त्याआधी डब्यातले वाटाणे खाऊन खाऊन आमच्या जिभेला पत्र्याची चव आली होती. त्यामुळे गाव तिच्यावर जीव टाकतं. तिचं ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर त्या हिरव्या ठिपकेवाल्यांत होता मसूर. चपटा, तपकिरी, बाहुलीच्या कोटाची बटणं शोभावीत असा. आपण घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन वाढलेली माणसं, आपल्याला याचं काय कळणार? शेजारची म्हातारी युला तर पुडा हलवून म्हणाली, "हे पेरायचं की पाखरांना घालायचं?" मी सगळ्यांसमोर उभं राहून शपथच घेतली, की जाणूनबुजून हा मसूर तोंडात घालीन तर माझा पिशवी फेकायचा हात झडो. (हाताचं महत्त्व तुला सांगायला नको. आपल्या आबांची ती तिरकी फळी आणि तिचं भोक आठवतं ना? शरदाच्या जत्रेत त्याच भोकात मक्याच्या पिशव्या फेकायचा पलीकडच्या चर्चच्या बाप्टिस्टांशी सामना असतो आणि दर वर्षी आपण सपाटून हरतो.)

आणि तिथेच मला अक्कल सुचली. मक्याने भरलेली पिशवी फळीवर आदळते आणि हट्टी म्हशीसारखी तिथेच बसते. मी एका पिशवीत मसूर भरून पाहिला. अक्का, काय सांगू! दाणा चपटा, त्यामुळे पिशवी फळीवरून अशी सरकत गेली आणि बरोब्बर भोकात! झालं. पुढच्या गुरुवारपासून सगळे मेथडिस्ट मसुराचे पुडे मागून घ्यायला लागले आणि बाहेर गाड्यांपाशी माझ्या हवाली करायला लागले. (बदल्यात मी काही देत नसे. बाप्टिस्ट हरतील हे समाधान काय कमी आहे?) मिस हॅडलीने तळघरातली मसुराची फळी रिकामी पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने वरच्या कचेरीत कळवून टाकलं, की या गावाला मसूर पुरत नाही. तिकडून दुप्पट पोती आली. आता तिला खरं सांगायचं कुणी?

त्यातच माझ्या पिशव्या हलक्या व्हायला लागल्या. नेहमीसारखी फेकावी तर पिशवी फळी ओलांडून युलाच्या झेंडूत. मी आधी उंदरांना शिव्या दिल्या, मग कुत्र्याला, मग बाप्टिस्टांना. शेडमध्ये सापळे लावले, त्यात माझाच अंगठा सापडला. लॉटी पट्टी बांधता बांधता म्हणाली, "उंदीरच असतील, दुसरं कोण?" (शिवण कुठेच कुरतडलेली नव्हती. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं.)

मग एका गुरुवारी मिस हॅडली हसत हसत आली. वरच्या कचेरीतल्या बाई आमचं मसूरप्रेम बघायला येणार होत्या. तिची नेमणूक पुढे चालवायची की नाही ते त्यावरच ठरणार, आणि ती गेली की ट्रकही गेला. "आर्लीकाका, तुम्हीच सांगा हं त्यांना, कसा खाता ते." आम्ही पाद्रीबुवांना गाठलं. ते म्हणाले, तळघर चर्चमध्ये मोडतं, तिथे खोटं बोलायला मी परवानगी देऊ शकत नाही, पण त्या दिवशी मला जरा कमीच ऐकू येईल.

बाई आल्या. उंच, सडपातळ, त्यांनाही हिरवा ठिपका शोभला असता. त्यांनी विचारलं, "मसूर कोण कोण खातं?" सगळं गाव आपापल्या बुटांकडे बघायला लागलं. मिस हॅडलीचं हसू उतरत चाललेलं मला बघवेना. मी उठून म्हटलं, "मी खातो." बाई म्हणाल्या, "वा! कशात घालता?" आणि अक्का, माझी गाडी तिथेच चिखलात रुतली.

तेव्हा मागून लॉटी उठली. "खिम्यात," म्हणाली. "अर्धा खिमा, अर्धा मसूर, बारीक कांदा, वर टोमॅटो लावून भट्टीत भाजायचं. उन्हाळ्यापासून खातोय हा. दोनदा मागून घेतो." ही इतकं सुरेख खोटं बोलते याचा मला केवढा अभिमान वाटला! तेवढ्यात तिने टोपलीतून झाकलेलं भांडं काढलं. बाईंनी खाल्लं, मिस हॅडलीने खाल्लं, मीही घास घेतला. चव आमच्या नेहमीच्या मंगळवारच्या खिम्याची. अगदी तीच! तेव्हा मला उंदीर कोण ते कळलं.

घरी येताना मी विचारलं, "पण माझ्या पिशव्यांतूनच का?" ती म्हणाली, "शिधा तू आणणार, पुडे तू पळवणार, वर शपथा घेणार. मी आणखी कुठून काढू? डॉक्टर काय म्हणाला ते तू विसरलास. मी नाही विसरले. मला या घरात एकटीने राहायचं नाहीये, आर्ली." मी म्हटलं, "शिवण छान घालतेस."

मिस हॅडली राहिली, ट्रकही राहिला. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर: साखर उतरली आहे. डॉक्टरने विचारलं, काय करता? मी सांगितलं, पिशव्या फेकतो.

दाजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
आर्ली

ता. क. : शनिवारी जत्रेत आपण हरलो. हलक्या पिशव्या, दुसरं काय! पण बाप्टिस्टांना आमच्या मसुराचा सुगावा लागलाय आणि तेही आता पुडे मागतायत. मिस हॅडलीला वाटतं, अख्खं खोरं सुधारलं.

आणखी ता. क. : खरं काम हे आहे. भांडं फुटल्यापासून लॉटीने खिम्यात मसूर घालणं बंद केलंय. म्हणते, "आता चोरून नाही. तोंडाने मागितलास तर घालीन." मी कसा मागू? सगळ्या गावासमोर शपथ घेतलीय! पण नुसता खिमा आता घशाखाली उतरत नाही गं. तर तू तिला लिही, आपलं आपल्याला सुचल्यासारखं, की गुपचूप घालत जा, आर्लीला पत्ता लागणार नाही. पत्ता न लागू देण्याची जबाबदारी माझी. एक भरलेली पिशवी मी तिच्या शिवणाच्या टोपलीशेजारी ठेवली आहे. टाका जरा सैल करून.