परदेशी गेलेला अर्धा पाळणा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
नागपंचमीच्या आधीचा सोमवार, सन २००३

मलकापूर मुक्कामी आक्का विहीणबाईंना तानाबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

(मुलाची आई असून मी आधी हात जोडले, तेव्हा पत्रात काहीतरी भानगड आहे हे तुम्ही ओळखलंच असणार. ओळखा, पण पत्र खाली ठेवू नका.) इकडं आम्ही सगळी बरी आहोत. तुमची लेक प्रमोदिनी बरी आहे, तुमचे जावई, म्हणजे आमचा कृष्णात, बरा आहे, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणंही चालू आहे. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? माझा डावा रोज त्याची आठवण काढतो. तुम्ही चार यत्ता शिकलेल्या, तुम्ही स्वतः वाचाल. मला अक्षर ठाऊक नाही, म्हणून मी बोलते आणि आपली नात सई लिहिते. (मी सांगते त्यातलं निम्मं ती "आज्जी, पत्रात असं लिहीत नसतात" म्हणून गाळते. तेव्हा पत्रात कुठं मी फार शहाणी वाटले तर तो दोष तिचा.)

जूनपासून दुपारी कधीही फोन केला तरी आमचा फोन लागलेलाच असतो, अशी तुमची तक्रार प्रमोदिनीकडून समजली. आम्ही तुम्हाला टाळत नाही. कृष्णातनं सईच्या कॉलेजसाठी कॉम्प्युटर घेतला, आणि फोनची वायर आता त्या कॉम्प्युटरच्या पाठीत घुसवलेली असते. आधी तो शेळी पाण्यात धरल्यासारखा ओरडतो, मग गप्प होतो, आणि मग विहीणबाई, त्या बारक्या वायरीतनं गाणी यायला लागतात. रेडिओसारखी वाऱ्यावर नव्हेत. येऊन घरात राहतात. आठवतंय, कृष्णात लग्नानंतर महाद्वार रोडवरच्या कॅसेटवाल्याला कागदावर गाणी लिहून द्यायचा? तो चार दिवसांनी कोरी कॅसेट भरून द्यायचा, आणि बाजू संपली की शेवटचं गाणं तिथंच तुटायचं. तेवढ्यालाही आम्ही शेजारपाजार गोळा करून ऐकवायचो. आता सई तीन अक्षरं दाबते आणि समोर शंभर गाण्यांची रांग लागते.

पहिल्या दिवशी मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आपली तुम्हाला फोन लावावा म्हणून रिसिव्हर उचलला, तर आत नुसती किंकाळी. मी म्हटलं, "कोण बोलतंय, पावणं? दुखतंय का कुठं?" तेवढ्यात माडीवरनं सईची किंकाळी. पाऊण तास यायला लागलेलं गाणं शेवटच्या ओळीवर असताना मी तोडलं होतं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून मी दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसले. पडद्यावर एक निळी पट्टी असते, मुंगीनं साखरेचा दाणा ओढावा तशी ती सरकते. ती दुसऱ्या टोकाला पोचली की गाणं आलं. मी विचारलं, "हे कुठनं यायलंय गं?"

"जपानातल्या एकाच्या कॉम्प्युटरवरनं, आज्जी."

"त्याला ठाऊक हाय का?"

"त्यानंच दार उघडं ठेवलंय की."

"आणि आपण घेतलं म्हंजे त्याच्याकडचं संपलं?"

"न्हाय. त्याच्याकडं बी ऱ्हातंय, आपल्याकडं बी येतंय."

विहीणबाई, मी जन्मभर पळीनं आमटी वाढत आले. एका ताटात गेली की पातेल्यातली कमी झाली, हाच हिशेब. आणि इथं पळी काढली तरी पातेलं भरलेलंच! देवाच्या गोष्टीत असं ऐकलं होतं, पण तिथं देव तरी असतो. इथं आपली सई बसली होती, केसाला तेल न लावता. मी पट्टीकडं बघत हात जोडले. (सई हसली. ती हसलेली लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.) मग मला गाणारा आठवला आणि मी विचारलं, त्याला ह्यातलं काय पोचतं? सई म्हणाली, "सगळीच घेत्यात की." आमचा कृष्णात लहानपणी दुसऱ्याच्या रानातला ऊस मोडून आणायचा तेव्हा हेच म्हणायचा, पण तो निदान पळत तरी यायचा.

त्यापेक्षा वाईट पुढं कळलं. सईनं आपलं दार लावून घेतलेलं. ती जगाकडनं घेत होती, पण तिच्याकडनं कुणाला काही मिळत नव्हतं, का तर आपली वायर बारीक. माझं डोकंच फिरलं. शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत धाडतो का? काही नसलं तर साखरेची चिमूट टाकतो. "शंभर घरचं खाऊन कडी लावून बसलीस? कुणाची लेक तू?" असं मी म्हटलं. (प्रमोदिनी तिथंच होती. तिला लागलं. तुम्हाला कळवायचं राहू नये म्हणून सांगते.) सई म्हणाली, "अगं पण घालू काय? आपल्याकडं हाय ते सगळं तिकडनंच आलंय." खरंच होतं. मग मी माझी ट्रंक उघडली आणि सईच्या बारशाची कॅसेट काढली.

तुम्ही स्वतः रचलेला आणि स्वतः गायलेला तो पाळणा, कृष्णातनं पाळण्याखाली टेपरेकॉर्डर ठेवून धरलेला. सईनं टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली, पाळणा आत भरला, हिंदुस्थानातल्या आजीची अंगाई असं इंग्रजीत लिहिलं आणि दार उघडलं. तुम्हाला विचारलं नाही. गाणाऱ्याला काय पोचतं म्हणून नातीला दटावणारी मी, आणि मीच तुमचं गाणं न विचारता वाटलं. पदर पसरून माफी मागते.

पण आक्का, पुढं काय झालं ते ऐका. पहिले चार दिवस कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी एकजण ब्राझील म्हणून देश आहे तिथनं आला. मग दोघं, मग सात. तिथनं ते आणखी कुणाला देतात, त्याचा ठाव सईलाही लागत नाही. तुम्ही उभ्या जन्मात आंबा घाट उतरला नाहीत, आणि तुमचा आवाज समुद्र ओलांडून ज्यांना मराठीचा म सुद्धा माहीत नाही त्यांच्या घरी जाऊन बसला. मी रोज दुपारी विचारते, "आज आक्का कुठं गेल्या?" सई देशाचं नाव सांगते, मी ते देवापुढं म्हणते. नावं उच्चारता येत नाहीत, पण देवाला कळत असतील.

मग फिनलंड देशातल्या एका माणसानं निरोप लिहिला. त्याचं बाळ तान्हं आहे, ते तुमच्या पाळण्यावर झोपतं. पहिल्या दिवशी चंद्र येतो, दुसऱ्या दिवशी आत्या, असं करत पाचव्या दिवसापर्यंत डोळा लागतो. पण शेवटी कुणीतरी बाई ओरडते आणि ते दचकून उठतं. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. ती बाई काय म्हणते? आणि पाळण्यात पुढं काय आहे?

मी म्हटलं, कोण बाई? आम्ही तो शेवट कधी नीट ऐकलाच नव्हता. मी तर एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत आले की कॅसेट संपली म्हणून पाळणा अर्धा राहिला. सईनं लावलं. तुम्ही म्हणताय, "सहाव्या दिवशी पाळण्यापाशी आली बाळाची आजी..." आणि वरनं माझा आवाज, "आवरा की आता! पंगत खोळंबलीया, भात गार व्हायलाय!" मग भांडं आपटल्याचा आवाज, आणि खलास.

त्या दिवसानंतर तुम्ही आमच्या घरी गायला नाहीत. मी चारचौघांत म्हणायची, विहीणबाईंचा गळा गेला. गळा गेला नव्हता. मी घालवला होता. सईला म्हटलं, पूस ते. ती म्हणाली, आपल्याकडचं पुसता येईल, जगाकडचं आता येत नाही. म्हणजे बघा, ब्राझीलपासून फिनलंडपर्यंत माझी ओळख काय, तर गाणं तोडणारी बाई. सईनं त्या माणसाला कळवलं की ती जेवायला चला म्हणतेय. त्याचं उत्तर आलं, आमच्याही घरी अशी एक आहे.

त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आमच्यापाशी नाही. ते फक्त तुमच्यापाशी आहे.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांच्या गालाला हात. गुडघ्याला एरंडाचं पान बांधा.

तुमची,
तानाबाई (खाली अंगठा उठवला आहे, शाई सईच्या पेनातली)

ता. क. : सईनं कॉम्प्युटरला लावायचा माईक आणलाय. रविवारी कृष्णात गाडी घेऊन येईल. चार दिवसांची लुगडी घेऊन या आणि पाळणा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणा. तोवर घरात कुणी फोन उचलणार नाही आणि मी तोंड उघडणार नाही.

आणखी एक : कॅसेट भरताना सईनं विचारलं होतं, गाणारीचं नाव काय घालू? मी पदर सावरला आणि माझं सांगितलं. फिनलंडवाल्यानं मागनं विचारलं, ओरडणारी कोण? तेव्हा मी "आमच्या विहीणबाई" म्हटलं. हे तुम्ही इथं येऊनच दुरुस्त करून घ्या. मलकापुरात बसून रागावलात तर जगात तसंच राहील.

शेवटचं, सईला बाहेर पाठवून प्रमोदिनीकडनं लिहून घेतलंय : सहाव्या दिवशी आलेल्या आजीबद्दल पुढं काय रचलं होतं, हे कळल्याशिवाय मला आता जेवण जात नाही. कौतुक असलं तर म्हणा. टोमणा असला तर जरा मोठ्यानं म्हणा, बारीक आवाज तो माईक नीट धरत नाही.