बदाम पाठवणं बंद केलं त्याचं कारण

प्रिय खारूताई,

तू फुगून बसली आहेस हे आत्याकडून कळलं. माझी ही बहीण दिवसभर वरच्या मजल्यावर फोनमध्ये डोकं घालून बसते आणि संध्याकाळी खाली येऊन सगळ्या जगाच्या बातम्या मला ऐकवते. यंदाची सुट्टी रद्द झाल्याचं तू कळवलंस आणि त्याच आठवड्यात मी फोनवरचं ते फोटोंचं खातं बंद केलं, म्हणून बाबा रागावले असा तू अर्थ लावलास. सुट्टीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण राग नाही गं. रागावलो असतो तर तुला तोंडावर सांगितलं असतं, तेवढं तरी मला ओळखतेस.

ते खातं तूच उघडून दिलं होतंस. दुसऱ्या दिवशी तुला नोकरीसाठी लांब निघायचं होतं, बॅगा अर्धवट पडल्या होत्या आणि तू माझ्या शेजारी बसून अंगठा कुठे दाबायचा, बदाम कसा द्यायचा ते शिकवत होतीस. तुझी आई गेल्यापासून घर आधीच गप्प झालं होतं, त्यात तूही निघालेली. मला ते खेळणं फार आवडलं. सकाळी उठलो की दात घासायच्या आधी तुझा फोटो बघायचो. तुझ्या ऑफिसची खिडकी, नवं जाकीट, कुंडीतलं ते मरतुकडं रोप, सगळं मला पाठ झालं होतं. मी बदाम द्यायचो, मी नवा चष्मा केला तर त्याला तू बदाम द्यायचीस. रोज भेट होतेय असं वाटायचं, त्यामुळे फोन करायचं राहून जायला लागलं. आधी रविवारचा फोन गेला, मग महिन्याचाही गेला. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

तुला माझं काम माहीत आहे, पण त्यातली खरी गोम कधी सांगितली नव्हती. लोकांना वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत उभं राहून नटाला विसरलेलं वाक्य पुरवणारा. वाक्य कुणीही पुरवेल, नाटकाची वही हातातच असते. पण नट बोलता बोलता थांबला, तर तो मुद्दाम थांबलाय की अडकलाय, हे त्याच क्षणी ओळखावं लागतं. मुद्दाम थांबलेल्या माणसाचा श्वास चालू असतो. अडकलेला श्वास आत घेतो आणि तसाच धरून ठेवतो. उगाच बोललो तर त्याच्या प्रसंगाची माती होते, गप्प राहिलो तर भरल्या प्रेक्षागृहासमोर त्या माणसाची होते. म्हणून मी वाक्यांपेक्षा श्वासच जास्त ऐकत आलो.

एका दुपारी तालमीच्या मधल्या वेळेत तुझा फोटो आला. मागे समुद्र, तू हसत होतीस. खाली सगळे कौतुकाचं लिहीत होते. मी बदाम द्यायला बोट पुढे केलं आणि ते तसंच राहिलं. तू खरंच मजेत आहेस की कुठे अडकली आहेस, मला काही कळेना. श्वास ऐकू येईल म्हणून वेड्यासारखा तो फोटो कानाला लावला. समोर चहा पीत बसलेला सुतार हसायला लागला. मग तू 'बाबा' कशी म्हणतेस ते आठवून पाहिलं, तर तेही कानात येईना. जाकीट आठवलं, रोप आठवलं, कुंडीचा रंगसुद्धा आठवला. तुझा आवाज आठवला नाही. खारूताई, मी फार घाबरलो. घरी आल्यावर आत्याकडून खातं बंद करून घेतलं. म्हातारपणी कसली थेरं सुचतात म्हणून ती बडबडत होती.

पहिले काही दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा. मग सुटलं. सकाळी खिडकीत बसतो, चहा गरम असताना पितो. तू म्हणशील, एवढं होतं तर फोन का केला नाहीत. तुझा नंबर लावायला कितीतरी वेळा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. माझा घसा बसलाय आणि तो नेहमीसारखा बसलेला नाही. मी 'हॅलो' म्हटल्याबरोबर काय झालं म्हणून तू विचारलं असतंस, आणि आयुष्य नाटकात गेलं तरी मला नाटक करता येत नाही. विंगेतून दिलेला शब्द रंगमंचावर पोचेनासा झाला तेव्हा नाटकातल्या मोठ्या बाई प्रयोगानंतर माझ्याकडे आल्या. त्यांनी बाकी कुणाला कळू दिलं नाही, मला मात्र हाताला धरून डॉक्टरकडे नेलं.

गाठ आहे. थंडी संपता संपता ऑपरेशन ठरलंय आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागणार आहे. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, आवाज मात्र जाईल. आत्या म्हणाली, आत्ताच बोलून ठेव, मी रेकॉर्ड करते, पोरीला पाठवू. बसलो होतो तिच्या फोनसमोर. दोन वाक्यं बोललो आणि बंद करायला लावलं. त्याच्याशी काय बोलू, तो मध्ये साधं 'हं' म्हणत नाही. सध्या उरलेला आवाज जपून वापरतोय, आत्याशी खुणांनीच भांडतो. तू सुट्टी मिळव, देत नसतील तर भांडून मिळव. हे वाचून लगेच फोन करू नकोस, फोनवर मला हा उरलेला आवाज खर्च करायचा नाही. नुसती ये आणि दाराची बेल वाजव. मला आतून 'आलो गं' म्हणायचं आहे.

तुझाच,
बाबा