निंबर्ग्याची पालकसभा

निंबर्गा, ६ जुलै २०२४

ती. अण्णांच्या चरणी वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायलेय. नोकरीला महिना झाला. येत्या शनिवारी पाचवीची पालकसभा आहे. मुलांची भीती वाटत नाही, त्यांच्या आईबापांची मात्र वाटते. परवा एक आजोबा वर्गात डोकावून मलाच विचारून गेले, की बाई कधी येणार.

काळजी माझ्या वर्गातल्या श्रीदेवीची आहे. चाचणीत गणितात पंचवीसपैकी चार. कविता तोंडपाठ, पण भागाकार म्हटलं की मान वर करत नाही. तिच्या वडिलांना कसं सांगू? तुम्ही बत्तीस वर्षं शिकवलंत, तुम्ही काय सांगत होतात?

आईला सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची,
वैष्णवी

बसवकल्याण, ९ जुलै

चि. वैष्णवीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. जेवणाची गोष्ट तुझ्या आईला पटलेली नाही.

पालकांना भिऊ नकोस. ताठ बस आणि गोड बोलून काही लपवू नकोस. मूल कच्चं असेल तर तोंडावर कच्चं म्हण. गुळमुळीत बोलणाऱ्या मास्तराला गावात मान राहत नाही. मी जन्मभर असंच बोललो, एकाही पालकानं मला उलटून विचारलं नाही.

सभा झाली की सविस्तर लिही.

तुझा,
अण्णा

निंबर्गा, २० जुलै

ती. अण्णांस सा. न.

सभा झाली. भीतीनं माझा आवाज चढला. श्रीदेवीचं नाव आलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, की हिला गणित येत नाही, हिचं पुढं शिकणं अवघड आहे. ती दाराशीच उभी होती. तिचे वडील माणिकप्पा रागावले नाहीत. म्हणाले, बाई खरं सांगायल्यात, मग उगं कामून शाळेत बसवायचं. हात जोडून ते गेले. निभावलं एकदाचं, असं मला वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

सोमवारपासून ती आली नाही. मी तिच्या घरी गेले. तिच्या आई गौरम्मा म्हणाल्या, की पोरीला उमरग्याला मावशीकडं धाडलंय, तिथं लेकरू सांभाळायला कुणी न्हाई. मी माफी मागितली, संध्याकाळी घरी येऊन शिकवते म्हणाले. तर त्याच मला समजावू लागल्या, की तुमचं काय चुकलं न्हाई, शिकलेलं माणूस सांगायलंय तर ऐकाया नको का.

अण्णा, मला अन्न गोड लागत नाही.

वैष्णवी

बसवकल्याण, २४ जुलै

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी लिहायला बसवलं नाही. पालक उलटून विचारत नाहीत, हे मी तुला मोठ्या अभिमानानं कळवलं होतं. त्यांची मुलं पुढं कुठं गेली, हे मी तरी कुणाला कधी विचारलं?

कल्लप्पा नावाचा एक मुलगा होता. त्याच्या बापासमोर मी त्याला ढ म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. महिन्यानं मी हजेरीत त्याच्या नावावर रेघ मारली आणि धडा पुढं नेला. असे आणखी किती असतील, मोजवत नाही.

तू उमरग्याला जा. उशीर करू नकोस.

अण्णा

निंबर्गा, ५ ऑगस्ट

ती. अण्णांस सा. न.

काल जाऊन आले. श्रीदेवी कडेवर लेकरू घेऊन बाहेर आली. मला बघून हसली. मी म्हणाले, की माझं चुकलं, परत चल, मी तुला भागाकार शिकवीन. ती लेकराला थोपटत म्हणाली, की मला येत न्हाई बाई, तुम्हीच सांगितलं की. त्यात तक्रार नव्हती. कुणी गाव विचारलं तर गावाचं नाव सांगावं, तसं सांगितलं. मी पुन्हा पुन्हा समजावलं. ती शहाण्यासारखी ऐकत राहिली. मग लेकरू रडू लागलं आणि ती आत गेली.

पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. ती येईल असं वाटत नाही. माणिकप्पा रस्त्यात भेटले की अजून मला वाकून नमस्कार करतात.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

वैष्णवी