दर तासाला एक पंप

४ सप्टेंबर २०१७, बुलढाणा
मलकापूरहून निघालेली एसटी राजूर घाट चढली आणि गार वारा तोंडावर आला. सत्तावन्नाव्या वर्षी नवी नोकरी, तीही अशा हवेच्या गावात! फार बरं वाटलं. ही कंपनी कपाशी करणाऱ्या अकरा हजार शेतकऱ्यांना फोनवर मेसेज पाठवते, कधी फवारायचं आणि किती. ज्या सर्व्हरवर हे चालतं तो जुना झालाय. त्याच्या अपग्रेडचा आराखडा मी करायचा. आधी डेव्हलपमेंट, मग टेस्टिंग, शेवटी प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या शेतकऱ्यांचा सर्व्हर. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आधी कच्च्या वहीत लिहायला लावत, मग पक्क्या वहीत, मगच पेपरात. कच्च्या वहीतल्या चुकीला त्या कधी रागावल्या नाहीत.

स्वयंपाकाला पंचफुला येते. तिचा भाऊ वामनराव बीबी गावात कपाशी करतो. बीटी बियाण्याला अळी लागत नाही असं सगळे सांगत होते, आणि यंदा बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी. आता तो फक्त फोनचं ऐकतो, बहिणीला कोण विचारतं, असं ती हसत सांगत होती.

९ सप्टेंबर
डेव्हलपमेंटचं काम झालं. टेस्टिंगसाठी खऱ्या शेतकऱ्यांपैकी तीनशे जणांची यादी उतरवून घेतली. नियमाने त्यांचे फोन नंबर बदलायचे असतात. आमचे साहेब भगवंतराव म्हणाले, तेवढा वेळ नाही, बाहेर जाणारे मेसेज बंदच ठेवलेत ना. मी आराखड्यावर सही केली.

१३ सप्टेंबर
सकाळी टेस्टिंगवर अपग्रेड केलं. तपासायला एक मेसेज मीच लिहिला, वाचताच खोटा कळावा असा. दर तासाला एक पंप फवारा, तोंड बांधू नका, पुढचा निरोप येईपर्यंत थांबू नका.

अपग्रेडने सगळी सेटिंगं मूळपदावर नेली आणि मेसेज बाहेर जायचा बंद केलेला रस्ता उघडला. मेसेज तीनशे फोनांवर गेला. बऱ्याच जणांनी फोन करून थट्टा केली. एकाने विचारलं, बकऱ्यांवरही फवारू काय मॅडम. मी म्हटलं, लगेच 'थांबा' पाठवू. भगवंतराव म्हणाले, कंपनीचं नाव जाईल.

"टेस्टिंगमध्ये झालं ते झालंच नाही, मॅडम."

त्यांनी तो रस्ता स्वतःच्या पासवर्डने बंद केला.

१६ सप्टेंबर
भावाकडे गेलेली पंचफुला तीन दिवसांनी आली, ती दारातच उभी राहिली. परवा वामनराव दिवसभर कपाशीत होते. तास झाला की पाठीवरचा पंप भरायचे. संध्याकाळी सरीत पडले आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले.

"म्या पंप वढला बाई, त म्हने, मॅडमचा निरोप हाय, थांबा म्हन्तलं नाही."

फोन खिशातच राहिला होता, तो चितेवर गेला.

यादी उघडली. दोनशे अकरावं नाव. त्या दिवशी एकदा खाली सरकून पाहिलं असतं तर! साहेबांना सांगितलं. ते चहा पीत होते. मेसेजमध्ये मरा असं लिहिलं होतं का, म्हणाले. जन्मात मी कुणावर ओरडले नव्हते. आज ओरडले. घसा बसलाय.

१८ सप्टेंबर
टेस्टिंगवर उत्तर आलंय. वामनरावांच्या नंबरावरून. 'फवारलं. पुढं?' दहाला आलं. अकराला पुन्हा. बाराला पुन्हा. फोन तर जळालाय.

साहेबांनी पाहिलं. ओठ पांढरे पडले. तरी म्हणाले, पुसून टाका. पुसलं. एकला परत.

१९ सप्टेंबर
भर दुपारी ऑफिसात औषधाचा वास. पंपाचा दांडा खालीवर होतो तो आवाज — सकाळी अंगणात होता, आता जिन्याशी.

मी 'थांबा' लिहिते. जात नाही. रस्ता बंद. साहेबांकडे पासवर्ड मागितला. देत नाहीत. मेल्या माणसाला थांबवायचा शब्दसुद्धा अडवून ठेवलाय यांनी. कंपनीचं नाव!

२० सप्टेंबर
उद्या दुपारी साहेब टेस्टिंगमधलं जसंच्या तसं प्रॉडक्शनवर नेणार. माझा तो मेसेजही आत आहे. पुसला की परत उगवतो. अकरा हजार फोनांवर जाईल. मी सही करणार नाही म्हटलं. ते स्वतः करतील म्हणे.

२१ सप्टेंबर, सकाळ
कडी आतून लावलीय. प्रॉडक्शन उघडलं. इथला रस्ता उघडा आहे. लिहिलं — थांबा. तो मेसेज खोटा होता. चूक आमची. अकरा हजारांना. वामनरावांनाही.

साहेब दार ठोकत होते — आता गप्प. आता फक्त दांडा. खाली — वर —

वास. डोळे चुरचुरतात. दाराखालून ओलं येतंय —

'फवारलं. पुढं?'

आवाज खुर्चीमागे. मान ओली. थांबा वामनराव, हे बघा, पाठव