हाताचं काम

सर,

नीतिशास्त्राच्या पेपरात तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही मला शून्य दिलंत. निसर्गानं प्रत्येक अवयव एका कामासाठी दिलाय आणि त्याविरुद्ध वागणं म्हणजे अनीती, हा सिद्धान्त उदाहरण देऊन समजावून सांगायचा होता. तुमचं वर्गातलं उदाहरण सगळ्यांनी जसंच्या तसं उतरवलं: तोंड बोलण्यासाठी, हात कष्टासाठी. मी लिहिलं, हात बोलण्यासाठी. तुम्ही लाल शाईनं विचारलंत, "थट्टा करतेस का?"

नाही, सर. माझ्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. ती शिवणकाम करते आणि मशीन थांबवून माझ्याशी हातांनी बोलते. रागावली की तिचे हात इतके भराभर चालतात, की मला मध्ये बोटही हलवता येत नाही. तिच्या लहानपणी शाळेतल्या बाई तिचे हात बाकाला बांधून ठेवायच्या. हातवारे माकडं करतात, माणसानं तोंडानंच बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या लेखी तीही नीतीच होती.

म्हणून मी उत्तर बदलणार नाही. हे पत्रही टाकणार नाही, नाहीतर तुम्हाला वाटायचं, पोरगी मार्कांसाठी गयावया करतेय.

काल तुमचं ते 'तोंड बोलण्यासाठी, हात कष्टासाठी' मी आईला हातांनी सांगितलं. ती पोट धरून खो खो हसली, शेजारीण डोकावून गेली इतक्या मोठ्यानं. तोंड कशासाठी असतं, ते तिला चांगलं माहीत आहे.

उत्तरावर ठाम,
खिडकीजवळच्या बाकावरची